पुण्यात अँकर व्हायचंय? या, ब्लेझर घाला

गॅदरिंगमध्ये सूत्रसंचालन केलंत, आवाज माईकला बसतो असं सर म्हणाले, सोसायटीच्या गणपतीत आरतीआधीच्या सूचनाही दरवर्षी तुम्हीच देता. मग टीव्हीवर जायला अडलंय कुठे? रानडे इन्स्टिट्यूटमधून पत्रकारिता शिकला असाल तरी चालेल, फक्त पहिल्याच दिवशी ते दाखवू नका. लोकल चॅनेलच्या संपादकाचं बातमी कळणाऱ्या माणसाशी वैर नसतं. पण असा माणूस पगार विचारतो.

पगार विचारायचा नसतो. 'ओळखी होतील' हा पगार असतो. उरलेल्यासाठी दहा तारखेनंतर अकाउंटवाल्या मॅडमसमोर उभं राहायचं आणि साहेबांची सही राहिलीय हे ऐकून परत यायचं. हीच तुमची पहिली बीट, म्हणजे नेमून दिलेलं बातमीचं क्षेत्र, समजा.

आता स्टुडिओ. नारायण पेठेत लिफ्ट नसलेल्या इमारतीतला वन बीएचके डोळ्यांसमोर आणा. हॉलमध्ये स्टुडिओ, स्वयंपाकघरात पीसीआर म्हणजे कंट्रोल रूम, ओट्यावर एडिटिंगचा कॉम्प्युटर. शेजारच्या काकूंचा कुकर अकराला लागतो, म्हणून अकराचं बुलेटिन कुकर उतरल्यावर रेकॉर्ड करायचं. ब्लेझर एक, अँकर तीन. तुम्ही बारीक असलात तर पाठीमागे कपडे वाळत घालायचे चिमटे लावतात. समोरून तुम्ही थेट दिल्लीचे दिसता, फक्त वळायचं नाही. बायकांसाठी वेगळी सूचना: पाडव्याला हिरवी पैठणी नेसू नका. मागचा पडदा हिरवा, कॉम्प्युटर हिरवं दिसेल तिथे शनिवारवाडा टाकतो; पैठणीही त्यातच जाते आणि दिल्ली दरवाजाच्या खिळ्यांवर तुमचा नथीसकट चेहरा तेवढा तरंगत राहतो.

वाचन कसं करायचं? इथे जुन्या लोकांचं ऐकू नका. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावर मनोरा उभा राहिला आणि पुण्यात चित्र दिसू लागलं. पुढे संध्याकाळी सातला प्रदीप भिडे बातम्या वाचायचे. शांत, स्वच्छ, एका लयीत. इतकी वर्षं वाचलं, पण त्या माणसाचं कशावर काय मत होतं हे प्रेक्षकांना कधी कळलंच नाही. एवढा मोठा पडदा हाताशी असून केवढी ही नासाडी! तुम्ही तसं करू नका. गुरुवारी पाणी बंद राहणार, ही बातमीसुद्धा कुणीतरी पाणी पळवून नेल्यासारखी वाचा. ती सेव्ह करून ठेवा, तारीख बदलली की पुन्हा चालते.

खरं करिअर घडतं पावसाळ्यात. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची क्षमता मिळून २९.१५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, एवढा आकडा पाठ असला की जून ते सप्टेंबर निभावतो. मुठेवरचा बुटका बाबा भिडे पूल पाण्याखाली जाईल त्या दिवशी तिथून लाईव्ह द्या. दरवर्षी जातो, तरी दरवर्षी ब्रेकिंग. गुडघाभर पाणी असेल तर कॅमेरामनला खाली बसायला सांगा, कमरेइतकं दिसतं. विसर्गाचा आकडा आला की आवाज चढवा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर, हे मात्र सांगत बसू नका. लोक हिशोब करू लागतात आणि हिशोब करणारा प्रेक्षक चॅनेल बदलतो. अधूनमधून पानशेत धरण फुटलं त्या १२ जुलै १९६१ची आठवण काढा. 'पानशेत' म्हटलं की पेठांमधली जुनी माणसं अजून रिमोट खाली ठेवतात.

२५ जुलै २०२४ला पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरलं. खडकवासल्यातून किती पाणी सोडलंय, अजून किती सोडणार, गाडी काढायची की आजीला आधी वर न्यायचं, एवढंच तिथल्या लोकांना वेळेत हवं होतं. आधी कुणी सांगितलंच नाही, ही त्यांची तक्रार होती. पण रात्री आकडे आणि रस्त्यांची नावं सावकाश वाचून दाखवायची, हे काय अँकरिंग झालं? त्यात थरार कुठे आहे? तुम्ही सकाळी उजाडल्यावर जा, बोटीत बसा आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना विचारा, आता तुम्हाला कसं वाटतंय.

कधीकधी घटना दगा देते. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२च्या मध्यरात्री स्फोटाने पाडायचा ठरला. नोएडाचे जुळे टॉवर पाडणारीच कंपनी, त्यामुळे सगळे कॅमेरे जय्यत. उलटी मोजणी झाली, धमाका झाला, धूळ बसली आणि पुलाचा बराचसा सांगाडा सळ्यांना धरून जागेवरच! उरलेला भाग यंत्रं लावून पाडावा लागला. अशा वेळी हातातल्या स्क्रिप्टमध्ये 'क्षणार्धात जमीनदोस्त' लिहिलेलं असतं. खुशाल वाचा. रात्री एक वाजता जागा असलेला पुणेकर तिथे स्वतः बघायला आलेला असतो, तो टीव्ही बघत नसतो.

जाहिरातीबद्दल थोडं. लोकल चॅनेलचा अँकर वाचतो, लोकांच्या प्रतिक्रिया म्हणजे बाईट आणतो, बूम माईक धरतो आणि जाहिरातही आणतो. मार्च २०२२मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आला आणि निवडणूक लांबत गेली. तो आपल्या धंद्याचा सुवर्णकाळ. नगरसेवक वाढदिवसाला एकदा जाहिरात देतो. 'भावी नगरसेवक' वाढदिवस, दहीहंडी, दिवाळी, सगळ्याला देतो, आणि निवडणूक होईपर्यंत कुणी त्याला हरवू शकत नाही.

बिल्डरचं जरा जपून. समजा, एका नव्या कॉम्प्लेक्सच्या तळघरात पाणी भरलं, रहिवासी फोन करकरून थकले, तुम्ही शूट करून आलात. ओट्यावर कॅसेट ठेवण्याआधी, म्हणजे आता कार्ड, पडद्यावर खाली धावणारी जाहिरातींची पट्टी एकदा वाचा. त्याच कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या टप्प्याचं बुकिंग सुरू असेल तर बातमी 'शहराच्या पश्चिम भागातील एका संकुलात' अशी लावा. नाव गाळल्याने भाषा कशी भारदस्त होते बघा! रहिवाशांचा परत फोन आला तर 'चालवली की' म्हणा. चालवलेली असतेच.

चाळिशीला केस विरळ होतात आणि ब्लेझर धाकट्या अँकरच्या अंगावर जातो. घाबरू नका. एव्हाना एखाद्या भावी साहेबांनी तुम्हाला माध्यम सल्लागार म्हणून बोलावलेलं असतं, आणि तिथे पगार खरोखर एक तारखेला होतो. नवी पेठेतल्या पत्रकार भवनात परिषद ठेवा, दारातच नव्या पोराला गाठा. "प्रश्न तीनच घे रे, तिसरा मी सांगतो तो." तो खालच्या आवाजात विचारेल, "सर, नदीपात्रातल्या भरावाचं विचारू का?" त्याला पोह्यांची प्लेट द्या, वर शेव जरा जास्त घाला आणि चॅनेलमध्ये पगार वेळेवर होतो का, ते आपुलकीने विचारा.