बाहेर पडलेल्या स्पर्धकाचं सुतक कसं पाळावं

पहिलं काम म्हणजे टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या स्पर्धेतली स्पर्धक आपली, म्हणजे बेळगावकडची, आहे की नाही, हे पर्वाच्या पहिल्याच आठवड्यात ठरवून टाका. ऐनवेळी नातं जुळवायला गेलं की फजिती होते. ती खानापूरची, निपाणीची, येळ्ळूरची नाहीतर थेट शहापूरची असेल तर प्रश्नच मिटला. मुंबईत वाढलेली, पण आजोळ हलग्याला, तरीही आपलीच. चंदगडची असेल तर तालुका कोल्हापूर जिल्ह्यात जातो हे खरं, पण तिथली माणसं लग्नाच्या खरेदीला बेळगावातच येतात, तेव्हा तीही धरा. फक्त नात्याची गाठ जरा सैल ठेवा. चौथ्या आठवड्यात तिनं पास्त्याचा लगदा केला, तर "तशी ती मूळची आपल्या भागातली नव्हेच" म्हणायला जागा राहते.

दुसरं काम तिच्या नावाखालच्या पट्टीचं. सूत्रसंचालक हिंदीत म्हणतो, "बेलगाम से आई हैं", आणि गावाला लगाम उरत नाही. पट्टीवर 'बेलगावी, कर्नाटक' येतं. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी कागदावर बेळगावी आहे, आपल्या तोंडात बेळगाव आहे आणि टीव्हीवर ह्या दोन्हींतलं काही धड नाही. समोरच्या घरातल्या कन्नड काकूंना 'ळ' चा 'ल' झाल्याचा राग येतो, तुम्हाला शेवटच्या 'वी' चा. दोघींनीही रागवावं. पडद्याचा फोटो काढताना ट्यूबलाईट मात्र बंद करा. नाहीतर फोटोत पट्टी कमी आणि कपाटाच्या काचेतली वाळत घातलेली बनियनच जास्त दिसते, आणि ग्रुपवर चर्चा बनियनवर जाते. ह्या गडबडीत पहिली दहा मिनिटं जातात आणि तिनं कढईत काय घातलं ते कुणीच बघितलेलं नसतं. तेच बरं. बघितलेल्या माणसाला ठामपणे बोलता येत नाही.

आता लक्षणं. ही पाठ असली की दुःखाच्या तयारीला अर्धा तास मिळतो. पहिल्या ब्रेकच्या आत जिच्या घरचा व्हिडिओ कॉल लागला, आईची चिठ्ठी वाचली गेली, लेकरानं "मम्मी, जल्दी आ जाओ" म्हटलं, तिच्या नावानं पाणी सोडा. लेकरू बोललं तसंच होणार आहे. मधेमधे ती भिंतीसमोर एकटी बसून बोलते ना, "आज कुछ भी हो सकता है" वगैरे, तो तुकडा बहुधा स्वयंपाक आटोपल्यावर घेतलेला असतो. तेव्हा ती काय म्हणते ते ऐकू नका, डोळे सुजलेत का तेवढं बघा. जिला भागभर एकदाही दाखवलं नाही, ती सुखरूप आहे. काळा एप्रन चढलेल्या, म्हणजे बाहेर जायच्या धोक्यातल्या, तिघींपैकी जिचा पदार्थ 'दिसायला फार सुंदर' म्हणून गौरवला, तिचा चवीत निकाल लागलेला आहे. मुलगी बघायला आलेले "मुलगी स्वभावानं फार चांगली आहे" म्हणतात, तसलाच हा प्रकार.

मग परीक्षक म्हणतो, "आज जिनका सफर यहीं खत्म होता है, वो हैं..." आणि साबणाची जाहिरात लागते. सुप्रीम कोर्टातला आपला सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून लटकलेला असल्यामुळे 'निकाल ब्रेकनंतर' ह्याचं इकडच्या माणसाला खरं तर काही वाटायला नको. पण वाटून घ्या. ह्याच वेळात भाकरीचा तवा उतरवा, कुकरची शिटी काढा आणि रिमोट आजोबांच्या हातातून घ्या. घाबरले की ते बातम्या लावतात.

नाव जाहीर झालं. आता पहिल्या पाच मिनिटांत व्हॉईस मेसेज गेला पाहिजे. टायपिंगला वेळ लागतो आणि टायपिंगमध्ये हुंदका येत नाही. तिनं कुंदा, म्हणजे दूध आटवून केलेली आपली बेळगावी मिठाई, केला होता असं धरू. मजकूर असा: "अगं अक्का, काढलं की गं तिला! कुंद्याला दाणा नाही म्हणं! ह्यांनी जन्मात कुंदा खाल्लाय काय?" मेसेज वीस सेकंदांच्या वर नेऊ नका. पंचविसाव्या सेकंदाला मागून सासूबाई "मला तर ती पहिल्यापासूनच आवडली नव्हती" म्हणतात आणि तेही ग्रुपवर जातं. त्याच मिनिटाला समोरच्या काकू दारात येऊन "अन्याय आत्री!" म्हणतील. 'अन्याय' हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून ह्या गल्लीत तो इतक्यांदा वापरला गेलाय, पण दोन्ही घरांनी एकाच वेळी, एकाच बाजूनं वापरण्याची ही पहिलीच खेप असेल. त्यांना आत बोलवा, चहा टाका.

चहाबरोबर 'आधीच ठरलेलं असतं' हा विषय घ्या. हे म्हणायला आधार लागत नाही. आधार शोधायला गेलात तर पंचाईत होईल, कारण खरी माहिती तुमच्या उपयोगाची नाही. बारा-चौदा जणांचा तासाभराचा स्वयंपाक कापून काही मिनिटांचा केलेला असतो. तिनं मीठ कधी घातलं, किती घातलं, हे कॅमेऱ्यानं घेतलं असलं तरी तुम्हाला दाखवलेलं नाही. ताटं एकामागून एक पुढे येईपर्यंत शेवटची कधीच निवलेली असतात, म्हणून पदार्थ शिजत असतानाच परीक्षक ओट्याओट्यावर चमचा घालत फिरतात. तुम्हाला दिसतो तो घास दुसरा-तिसरा असू शकतो. आणि चित्रीकरण आधीच उरकलेलं असल्यामुळे तुम्ही हळहळत असता तेव्हा ती केव्हाच घरी येऊन चतुर्थीचे मोदक करून मोकळी झालेली असते, फक्त करारामुळे तोंड उघडत नाही. हे सगळं वाचा आणि वाचलेलं विसरा. मास्टरशेफसारख्या स्पर्धेत निकाल परीक्षकांचा असतो, प्रेक्षकांची मतं नसतात, असं कुणी भाच्यानं ग्रुपवर लिहिलं, तर "तू कुणाच्या बाजूचा रे?" एवढंच विचारा आणि मत पाठवायचा नंबर शोधत राहा.

एवढ्यानं आपण अती करतोय अशी शंका आली, तर धीर द्यायला परदेशातला दाखला आहे. 2018 साली ब्रिटनच्या मास्टरशेफमध्ये मलेशियात जन्मलेल्या एका स्पर्धकानं नासी लेमाक, म्हणजे नारळाच्या दुधातल्या भाताबरोबर चिकन रेंडांग केलं. परीक्षक म्हणाला, कोंबडीची कातडी कुरकुरीत नाही. रेंडांग नारळाच्या दुधात, मसाल्यात, मंद आचेवर तासन् तास शिजतं. त्यात कुरकुरीत शोधायचं म्हणजे बासुंदीला खमंगपणा नाही म्हणून नापास करण्यातला प्रकार. बाई बाहेर पडल्या. मलेशिया पेटला. खुद्द पंतप्रधान नजीब रझाक ह्यांनी त्यावर जाहीर टोमणा मारला. पुढच्याच महिन्यात ते निवडणूक हरले. त्याचा कोंबडीशी संबंध नाही, पण ग्रुपवर जोडायला हरकत नाही. ह्या आगीत दुसऱ्या परीक्षकानं तेल ओतलं: रेंडांग कदाचित इंडोनेशियाचं असेल, असं लिहून त्यानं खाली 'नमस्ते' केला. रेंडांग आपलं की तुमचं ह्यावरून एरवी भांडणारे दोन्ही शेजारी मग मिळून त्याच्यावर घसरले. सीमाभागातल्या माणसाला ह्यात नवीन काही नाही. कुंदा मराठी की कन्नड हे भांडण आपण घरात ठेवतो, पण तिसरा कुणी त्याला 'कलाकंद टाईप' म्हणाला की दोन्हीकडून चप्पल निघते.

पहिल्या परीक्षकानं मागाहून सांगितलं की कोंबडी तळलेली हवी असं म्हणायचं नव्हतं, ती नीट शिजलीच नव्हती. हा भाग कुणाला सांगू नका.

सुतकाच्या दुसऱ्या दिवशी तिचाच पदार्थ घरी करून परीक्षकांना खोटं पाडायचं असतं. ही पायरी गाळू नका. कुंदाच घ्या, तिनं तोच केला होता. दोन लिटर म्हशीचं दूध, जाड बुडाची पसरट कढई, मध्यम आच. दूध निम्मं व्हायला पाऊण तास तरी जातो, तोवर उलथन्यानं तळ खरवडत राहायचं आणि कडेची साय आत ओढायची. निम्मं झालं की दोन मोठे चमचे किंचित आंबट दही. खरी मेख इथं आहे. दही कमी पडलं तर दाणा धरत नाही, गुळगुळीत बासुंदी होते. जास्त झालं तर पाणी सुटतं आणि दातांखाली पनीर करकरतं. दाणा दिसायला लागल्यावर 200 ग्रॅम साखर, आधी नव्हे, कारण साखर पडली की पातळ होतं आणि तळ धरायची घाई करतं. दुसऱ्या बाजूला लहान पातेल्यात 50 ग्रॅम साखर कोरडीच वितळवायची, मधाच्या रंगापर्यंत. त्यापुढे चार-पाच सेकंद गेले की कडू. ती गरम असतानाच कढईत ओतायची आणि हात लांब ठेवायचा, उडते. निवू दिली तर तिचे काचेसारखे खडे होतात आणि शेवटपर्यंत विरघळत नाहीत. मग वेलदोडा, आणि कढई सोडेपर्यंत परतत राहायचं. सगळं मिळून दीड ते दोन तास.

आता घड्याळ बघा. तिला 60 मिनिटं दिली होती. म्हणजे तिनं तयार खवा घेतला असणार, आणि चिकण्या खव्याला नंतर कितीही दही लावलं तरी दाणा येत नाही. परीक्षक जे म्हणाला ते बरोबरच होतं, चूक होती ती पदार्थाच्या निवडीत. हा विचार मनात आला की आच मोठी करा आणि तो जाळून टाका. असले विचार ठेवून सुतक पाळता येत नाही.

आच मोठी केल्यामुळे, आणि मधेच ग्रुपवर कुणीतरी 'ती मुळात हुबळीची' असं लिहिल्यामुळे, तुमचा कुंदा तळाला लागेल. घाबरू नका, कढई खरवडू नका. वरचा वरचा दुसऱ्या भांड्यात काढा. खरवडलात की करपलेले काळे ठिपके सगळीकडे पसरतात आणि वेलदोडा म्हणून खपत नाहीत. वास जायला चिमूटभर जायफळ किसा. तरी राहिला तर 'थोडा जास्त खमंग' असं नाव द्या. बेळगावी कुंद्याचा रंग तसाही तांबूसच, त्याचा फायदा घ्या. आणि आईस्क्रीम वगैरे काही करायला घेतलं असेल तर फ्रिजपाशी कुणाला फिरकू देऊ नका. 2014 मध्ये ब्रिटनच्या एका बेकिंग स्पर्धेत कुणाचं तरी आईस्क्रीम फ्रीजरबाहेर राहिलं, त्यानं रागारागानं केक कचऱ्याच्या डब्यात टाकला, परीक्षकांपुढे डबाच नेऊन ठेवला आणि बाहेर पडला. बीबीसीकडे 800 च्या वर तक्रारी गेल्या. आपल्याकडे तेवढी निवेदनं एका रस्त्याच्या पाटीवरून जातात.

मांडे करून बघायचा मोह झाला तर आवरा. कणीक हातावर ताणून पापडाहून पातळ करायची, पालथ्या खापरावर टाकायची आणि कडक व्हायच्या आत घडी घालायची. पाच सेकंद उशीर झाला की तुकडे. मांडे मनातलेच खाल्लेले बरे, निदान तिथं तरी घडी बरोबर पडते.

कुंदा तयार झाला. आता तो वाटीत घालून समोरच्या काकूंकडे न्या. तीन वाट्या नको, एकच. तीन नेल्या की त्या सुनेला आणि नातीला बोलावतात आणि पंगत परीक्षकांची होते. प्लेटिंग साधं ठेवा: वाटीला स्टीलचं झाकण, वर काही शिंपडू नका. वाटी हातात देताना "घाईत केलाय" म्हणा, म्हणजे मागाहून काही आलं तर उत्तर तयार. काकू चमचा भरतील. तोंडात घालतील. मग थांबतील, नजर छताच्या पंख्याकडे लावतील, अगदी टीव्हीवरच्यासारखी. तुम्ही पदराला हात पुसत उभ्या राहा. जाहिरात लागणार नाही.

"चलो ऐत्री," काकू म्हणतील. बरा झालाय. आणि दुसरा चमचा न घेता, मराठीत, "बुडाला जरा लागलंय काय हो?"

वाटी परत मागू नका, ते बरं दिसत नाही. झाकण तेवढं घेऊन या, आणि घरी आल्याबरोबर फोन काढा. ह्यांनी जन्मात कुंदा खाल्लाय काय, हा कालचाच मेसेज आहे, नाव तेवढं बदला.