सोशल मीडियाला आधार जोडा म्हणणाऱ्या त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला, सोसायटीच्या, शाळेच्या मैत्रिणींच्या आणि माहेरच्या. म्हणणं थोडक्यात असं की सरकारने फेसबुक, इन्स्टा, एक्स सगळ्यांना आधार जोडणं सक्तीचं करावं, म्हणजे फेक अकाउंट एका रात्रीत संपतील, लोक शिव्या द्यायचे थांबतील, ऑनलाइन फसवणूक बंद होईल, आधार आपण सगळीकडे दिलंच आहे तर अजून एका ठिकाणी द्यायला काय हरकत, मनात काळंबेरं नसेल तर घाबरायचं कशाला, आणि पुढारलेल्या देशांत असंच चालतं. माहेरच्या ग्रुपवर तो माझ्या काकांनी टाकलाय आणि काका अतिशय सरळ माणूस, त्यांना खरंच वाटतं की याने पोरीबाळींचा त्रास वाचेल, त्यामुळे नुसतं "असं नसतं हो काका" म्हणून सोडून देववेना. म्हणून एकेक मुद्दा घेऊन सविस्तर लिहितेय.

फेक अकाउंटवाल्यांचा राग मला काकांइतकाच आहे, जास्तच असेल. दोन वर्षांपूर्वी माझ्या मावसबहिणीच्या नावाने, तिच्याच लग्नातले फोटो लावून कोणीतरी अकाउंट काढलं आणि तिच्या ऑफिसातल्या पुरुषांना रात्री-बेरात्री घाणेरडे मेसेज जायला लागले. पोरगी तीन दिवस नीट जेवली नव्हती. तेव्हा मलाही वाटलं होतं की या सगळ्यांची ओळखपत्रं घ्यायला पाहिजेत.

पण पुढे काय झालं ते ऐका, कारण मेसेजमधला पहिला मुद्दा तिथेच गळून पडतो. तो माणूस सापडला, ओळखीतलाच निघाला, आणि अकाउंट त्याने स्वतःच्याच सिमवरून काढलं होतं, जे सिम त्याने दुकानात आधार देऊन, अंगठा लावून घेतलं होतं. म्हणजे त्याची ओळख पहिल्या दिवसापासून नोंदलेली होती, कंपनीकडे नंबर होता, आयपी अ‍ॅड्रेस होता, टेलिकॉमवाल्यांकडे नाव-पत्ता होता. मग वेळ कुठे गेला? आम्ही अकाउंट रिपोर्ट केलं तर दोनदा उत्तर आलं की यात नियमांचा भंग दिसत नाही. पोलिस स्टेशनला गेलो तर आधी साधा अर्ज घेतला, मग सायबरला जा म्हणाले, सायबरला गेलो तर साहेब कोर्टात. अकाउंट बंद व्हायला अकरा दिवस लागले. आणि कायदा होता हो! दुसऱ्याचं सोंग घेऊन ऑनलाइन फसवणं हा आयटी कायद्याच्या ६६डी कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि २०२१ च्या आयटी नियमांत तर तेव्हा स्पष्ट लिहिलेलं होतं की तोतया अकाउंटची तक्रार ज्याचं सोंग घेतलंय त्याने केली की २४ तासांत कंपनीने कारवाई करायची. या अकरा दिवसांतला एक तरी दिवस आधार जोडलेलं असतं म्हणून वाचला असता का, मी खूप विचार केला, मला तर सापडत नाही. माहिती होती, ती मागायला आणि द्यायला कोणी हललं नाही.

दुसरा मुद्दा, खरं नाव घेतलं की लोक तोंड सांभाळून बोलतील. हा प्रयोग आख्ख्या देशाने करून बघितलाय, दक्षिण कोरियाने. तिथे ऑनलाइन शिवीगाळ आणि बदनामीने लोक हैराण झाले होते, म्हणून २००७ पासून मोठ्या वेबसाइटवर कमेंट करायची तर आधी खरी ओळख पटवायची असा कायदा आला, पुढे रोज १ लाखावर लोक येणाऱ्या साइटना तो लागू झाला. त्यांच्याकडे आपल्या आधारसारखा १३ आकडी नागरिक नंबर असतो, ज्याचे पहिले सहा आकडे म्हणजे चक्क जन्मतारीख, तो नंबर सगळीकडे टाकायचा. झालं काय? शिव्या देणारे ओळख पटवूनही शिव्या देत राहिले, घाण कमेंटचं प्रमाण जेमतेम टक्काभर कमी झालं असं तिथल्या सरकारी पाहणीतच निघालं. २००९ मध्ये यूट्यूबने ओळख घ्यायला नकार देऊन कोरियाच्या पानावर व्हिडिओ टाकणं आणि कमेंट करणंच बंद केलं, लोक सेटिंगमध्ये देश बदलून अकाउंट वापरायला लागले. आणि मग २०११ च्या जुलैत नेट (Nate) आणि सायवर्ल्ड या तिथल्या दोन साइट हॅक झाल्या, तब्बल साडेतीन कोटी लोकांची माहिती गेली. देशाची लोकसंख्या पाच कोटी! म्हणजे घरटी कोणी ना कोणी त्यात होतंच. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, जन्मतारीख कशी बदलणार? शेवटी २३ ऑगस्ट २०१२ ला तिथल्या घटना न्यायालयाने एकमताने हा कायदा रद्द केला, आणि कारणं वाचली तर आपल्या ग्रुपवरच्या वादाची उत्तरंच आहेत ती, की बेकायदा मजकूर कमी झाला याचा पुरावा नाही, लोक परदेशी साइटवर निघून गेले, आणि मोकळेपणाने बोलायचा हक्क मात्र सगळ्यांचा गेला. म्हणजे पाच वर्षं घालवून, साडेतीन कोटी लोकांची माहिती गमावून ते जिथे पोचले तिथून आपण सुरुवात करायची म्हणतोय.

फसवणूक थांबेल हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो कारण त्यावर विश्वास ठेवून माणूस गाफील होतो. आज सायबर फसवणुकीत पैसे कुठे जातात? बँकेच्या खात्यात. आणि आपल्याकडे केवायसीशिवाय बँक खातं निघत नाही, बहुतेक ठिकाणी पॅन आणि आधार दिलेलं असतं, सही असते, फोटो असतो. तरी "डिजिटल अरेस्ट" म्हणून घाबरवून म्हाताऱ्या माणसांची आयुष्यभराची पुंजी लुटतात आणि ती अशाच केवायसी झालेल्या खात्यांतून फिरवून गायब करतात. खातं असतं कुठल्यातरी गरीब पोराचं, ज्याने पाच-दहा हजारांसाठी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हातात दिलेलं असतं. म्यूल अकाउंट म्हणतात त्याला. जसं खातं भाड्याने मिळतं तसंच उद्या आधार जोडलेलं फेसबुक अकाउंटही भाड्याने मिळेल, आणि वर सरकारमान्य खूण असेल म्हणून आपले आई-बाबा त्याच्यावर आणखी लवकर विश्वास ठेवतील. मी मागच्या महिन्यात संचार साथी या सरकारी साइटवर माझ्या नावावर किती सिम आहेत ते बघितलं. तीन दिसले. माझे दोन आहेत. तिसरा नंबर माझ्या नावाने, माझ्या कागदांवर कोणी घेतला आणि त्यावरून काय काय केलं मला माहीत नाही, "हा माझा नंबर नाही" म्हणून कळवलंय आणि वाट बघतेय. कागदोपत्री ती ओळख पक्की आहे, माझीच आहे. तुम्हीही एकदा बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

आता "आधार तर सगळीकडे दिलंच आहे". हो, दिलंय, आणि तीच तर चिंता आहे. परवा आईच्या आधारची प्रिंट काढायला आमच्या इथल्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. त्या पोराने व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल मागवली, डाउनलोड केली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून विचारलं, "ताई, यातली कुठली?" फोल्डरमध्ये ई-आधारच्या फाइलींची रांग लागली होती, खाली खाली जात राहिली तरी संपेना, अनोळखी लोकांच्या. फाइलला पासवर्ड असतो ना, मग? ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल, हे त्या पोराला तोंडपाठ, त्याने फक्त "आईंचं जन्मसाल?" एवढंच विचारलं. पोरगा वाईट नाही, रोज शंभर लोकांची कामं करतो, पण त्या कॉम्प्युटरवर उद्या कोण बसेल? माझ्या देखत मी आईची फाइल डिलीट करायला लावली, रिसायकल बिनमधूनसुद्धा. बाकीच्यांचं काय करणार होते.

दुकानदाराचं सोडा, मोठ्या कंपन्यांचंही तेच. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या चॅटिंग अ‍ॅपने कबूल केलं की साधारण ७० हजार लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो बाहेर गेले असावेत, आणि ते फोटो घेतले होते कशासाठी, तर वय तपासायच्या कामासाठी. म्हणजे सुरक्षेसाठी दिलेलं ओळखपत्रच चोराच्या हाती लागलं.

आणि आधार सुरू झालं कशासाठी ते आठवा. २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिली कार्डं वाटली, सरकारी मदत गरिबाच्या हातात थेट पडावी म्हणून. सुप्रीम कोर्टाने २६ सप्टेंबर २०१८ ला आधार कायदा कायम ठेवला पण बँक खात्याला आणि मोबाईलला आधारची सक्ती काढून टाकली, खाजगी कंपन्यांना वापरू देणाऱ्या कलम ५७ मधला तो भागही रद्द केला. पुढे कायद्यात बदल करून स्वतःहून द्यायचं असेल तर वाट ठेवली, पण ती मर्जीची. रेशन दुकानात आधार दिलं तर दुकानदाराला कळतं की मी कोण, पण मी रात्री कोणाच्या कवितेला लाइक केलं, कुठल्या आजाराबद्दल विचारलं, कुठल्या मंत्र्यावर चिडले हे त्याला कळत नाही. सोशल मीडियाला जोडलं की हे सगळं एका नंबराखाली येतं. हा "अजून एका ठिकाणी" देण्याइतका साधा मामला नाही.

मनात काळंबेरं नसेल तर घाबरायचं कशाला, या मुद्द्याला पालघर एवढंच उत्तर पुरे आहे. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद होती, पालघरच्या एका मुलीने बंदबद्दल दोन ओळी फेसबुकवर लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने लाइक केलं. दोघींनी स्वतःच्या खऱ्या नावाने, काही लपवलं नव्हतं. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांचा दवाखाना जमावाने फोडला. त्यांच्यावर लावलेलं आयटी कायद्याचं ६६ए कलम, ऑनलाइन 'आक्षेपार्ह' लिहिण्याला शिक्षा देणारं, सुप्रीम कोर्टाने पुढे २४ मार्च २०१५ ला घटनाबाह्य ठरवलं, पण त्या पोरींची ती रात्र कोण परत देणार? काका, तुम्हीच सांगा, त्यांच्या मनात काय काळंबेरं होतं?

आणि टोपणनाव घेणं हे आपल्याकडे कधी चोराचं लक्षण नव्हतं. गोपाळ हरी देशमुख इंग्रज सरकारच्या नोकरीत होते, त्यांनी १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात शतपत्रं लिहिली ती 'लोकहितवादी' या नावाने, आणि त्यात आपल्याच समाजाला, आपल्याच जातीला खडे बोल सुनावले. आज झेडपी शाळेतल्या मास्तरांना गळक्या वर्गाबद्दल लिहायचं असेल, एखाद्या नर्सला वॉर्डात औषध नाही हे सांगायचं असेल, तर तेही तेच करतात.

राहिला परदेशाचा दाखला, त्यात एस्टोनियाचं नाव हमखास येतं. हो, तिथे २००२ पासून डिजिटल ओळखपत्र आहे, कर, औषधाची चिठ्ठी, मतदान सगळं त्यावर. पण फेसबुकवर लिहायला ते लागत नाही. उलट आपली सरकारी माहिती कुठल्या खात्याने कधी बघितली हे तिथला नागरिक स्वतः बघू शकतो, आणि २०१७ मध्ये साडेसात लाख कार्डांच्या चिपमध्ये दोष सापडला तेव्हा सरकारने तो स्वतः जाहीर करून कार्डांची डिजिटल सर्टिफिकेट थांबवली. आपल्याकडे आधार कुठे वापरलं गेलं याची सहा महिन्यांची हिस्टरी साइटवर दिसते, ती चांगली सोय आहे, पण एकदा माहिती त्या त्या खात्यात गेल्यावर कुठल्या टेबलावरच्या कोणी ती उघडली हे मला कुठे दिसतं? तिथलं काही आणायचंच तर हे आणा ना आधी.

मावसबहिणीचं सांगायचं राहिलं. तिची आता दोन अकाउंट आहेत. एक स्वतःच्या नावाचं, लॉक केलेलं, त्यात फक्त घरचे. दुसरं वेगळ्या नावाचं, तिथे ती त्या अकरा दिवसांबद्दल आणि नंतर मोडलेल्या लग्नाबद्दल लिहिते आणि तिच्यासारख्या बायका तिला रात्री उशिरा मेसेज करून विचारतात की तक्रार कुठे करायची, अर्जात काय लिहायचं, घरच्यांना कसं सांगायचं. काकांचा मेसेज तिनेही वाचला. मला म्हणाली, आधार मागितलं तर मी ते अकाउंट बंद करेन ताई, त्या बायकांना काय सांगायचं ते तेवढं ठरव.