तारखेला १००००.०१ ने गुणणाऱ्या महाभागास

तारीख ही गुणायची गोष्ट आहे का हो? आयबीएमच्या एएस/४०० या संगणकावरचा, आरपीजी भाषेतला जुना प्रोग्राम उघडावा आणि त्यात हे हमखास सापडावं: महिना-दिवस-वर्ष असा सहा आकडी नंबर, गुणिले १००००.०१, उत्तर सहा आकडी फील्डमध्ये. ०३१५२४ चे होतात ३१५२४०३१५.२४. डावीकडचे जास्तीचे आकडे आणि दशांश छाटले की उरतं २४०३१५, म्हणजे वर्ष-महिना-दिवस. डोकं चालवलंत, मान्य. पण शेजारी एक ओळ कॉमेंट टाकायला पैसे पडत होते?

कारण पुढे कोणीतरी बहाद्दर तीच ओळ उचलून दिवस-महिना-वर्ष फील्डवर चिकटवतो. १५०३२४ चं होतं २४१५०३. पंधरावा महिना! अधिक मास धरला तरी आमच्या पंचांगात तेरावर थांबतात. बरं, पंधरावा महिना निदान कुठेतरी बोंबलतो. ०५०६२४ म्हणजे ५ जून. तो गुपचूप ६ मे होऊन बसतो आणि व्याज महिनाभर आधीपासून लागतं.

मग हिंजवडीत फर्मान निघतं, ‘सगळं फ्री फॉरमॅट करा’, म्हणजे ठरावीक रकान्यांत लिहिलेला जुना कोड मोकळ्या ओळींत लिहा. करा की! जुना मल्ट ऑपकोड, म्हणजे गुणाकाराची आज्ञा, डावीकडचे आकडे निमूट छाटतो. नव्या पद्धतीच्या एक्स्प्रेशनमध्ये (सूत्रात) तोच गुणाकार ओव्हरफ्लो होऊन स्टेटस १०३ देतो, म्हणजे ‘उत्तर फील्डमध्ये मावत नाही’ ही चूक. तिथे जास्तीचे आकडे छाटू देणारा कंपाइलचा ट्रंकनंबर पर्यायही कामाचा नाही. गुणाकारच उपटा आणि नंबराची खरी तारीख करणारं परसेंट-डेट फंक्शन वापरा, दुसऱ्या पॅरामीटरमध्ये फॉरमॅट स्पष्ट लिहून. त्याआधी तारीख वैध आहे का ते तपासणारी टेस्ट(डीई) लावा. नाहीतर ‘तारीख नाही’ म्हणून भरलेली शून्यं आणि ९९९९९९ आली की स्टेटस ११२ (अवैध तारीख) आणि रात्रीचा फोन ठरलेला.

यावर कडी म्हणजे दोन आकडी वर्ष. स्टार-वायएमडी, स्टार-एमडीवाय, स्टार-डीएमवाय हे तारखेचे फॉरमॅट (वाय वर्ष, एम महिना, डी दिवस), तिघांचीही मूळ धाव १९४० ते २०३९. १९३८ साली जन्मलेले पेन्शनर आजोबा २०३८ साली जन्माला येणार! ‘२०४० ला अजून वेळ आहे’ म्हणणाऱ्यांनी आज दिलेल्या वीस वर्षांच्या गृहकर्जाची शेवटची तारीख त्यात बसवून दाखवावी. ९९९९-१२-३१ कोंबलंत तर स्टेटस ११४, म्हणजे वर्ष त्या धावेत बसत नाही. सात आकडी स्टार-सीवायएमडीत पहिला आकडा शतकाचा असतो, ० म्हणजे १९००, १ म्हणजे २०००. आणि पॅक्ड डेसिमलमध्ये, म्हणजे एका बाइटमध्ये दोन आकडे कोंबून साठवताना, सहा आकड्यांना ४ बाइट लागतात, सातालाही ४ च! फुकटची जागा होती, तरी वापरली नाही.

एम्बेडेड एसक्यूएलची, म्हणजे प्रोग्रामच्या आत लिहिलेल्या डेटाबेस-आज्ञांची, वेगळीच तऱ्हा. तिथे तारखेचा फॉरमॅट न सांगितल्यास जॉबचा (चालू कामाच्या सेटिंगमधला) घेतला जातो. सेट ऑप्शनमध्ये डेटफॉरमॅट स्टार-आयएसओ (चार आकडी वर्षाचा) लिहा, दर प्रोग्रामला लिहा.

‘तेव्हा फील्डच्या नावाला सहाच अक्षरं मिळायची’ हे रडगाणं तर नकोच. डीडीएसमध्ये, म्हणजे फाइलमधल्या फील्डचं वर्णन लिहितात तिथे, टेक्स्ट कीवर्डला ५० अक्षरं मिळतात, ती कोरी. आणि नाव ‘डेट१’ ठेवण्यापेक्षा ओ-आर-डी-डी-एम-वाय (ऑर्डरचं ओआरडी, पुढे डीएमवाय) ठेवलं असतं तर? मोजा. सहाच होतात.