बडोद्यात दिवाळीआधीचं रंगकाम म्हणजे ओल झाकायचा कार्यक्रम

गणपती गेले की दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत घरोघरी शेडकार्ड फिरायला लागतं. नवरात्र तोंडावर, दिवाळी त्याच्या मागोमाग, आणि सगळ्यांना रंगारी एकाच वेळी हवा. माझं मत सरळ आहे: बाहेरच्या भिंती आणि ओल असलेल्या आतल्या भिंती यांना दिवाळीआधी ब्रश लावू नये. डिसेंबर ते फेब्रुवारी हा आपल्या गावचा रंगाचा मोसम.

कारण साधं आहे. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत भिंत पाणी पीत असते. विटेची भिंत वाळायला इंचाला महिना हा ढोबळ हिशोब धरतात. म्हणजे नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी वारा मिळाला तरी नवरात्रापर्यंत वाळत नाही; वाळतो फक्त वरचा थर, आणि आपण हात फिरवून "कोरडी आहे" म्हणतो. त्यावर लांबी (पुट्टी) आणि इमल्शन (पाण्यात कालवायचा रंग) चढलं की आतल्या पाण्याची बाहेर यायची वाट बंद होते. ते क्षार घेऊन रंगाला मागून ढकलतं. आधी फुगे येतात, मग पोपडे, आणि शिव्या बसतात रंगाच्या कंपनीला.

हातावर विश्वास ठेवू नका. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिक भिंतीला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक दिवस तसंच राहू द्या. आतल्या बाजूला दव आलं किंवा खालची भिंत काळपट दिसली, तर पाणी भिंतीत आहे. दव फक्त बाहेरून असेल तर ते हवेतलं. ही चाचणी जमिनीपासून फूटभर वर, बाथरूमच्या मागच्या भिंतीवर आणि गच्चीखालच्या कोपऱ्यात, अशी तीन ठिकाणी तरी करा.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी ज्या घरांत शिरलं, तिथे खालच्या भागात अजून पांढरी बुरशी दिसते असं लोक म्हणतात. ती बहुतेक वेळा बुरशी नसतेच, तो लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला क्षार असतो. त्याला पाण्याने धुऊ नका, क्षार विरघळून परत आत जातात. कोरड्या कडक ब्रशने झाडा, पुन्हा आला की पुन्हा झाडा. गिलावा वाजवून पोकळ लागला तर पाण्याच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंत तो काढून विटा उघड्या ठेवा. दिसायला वाईट दिसेल, पण वाळायचा तोच रस्ता आहे. नवा गिलावा केल्यावर 28 दिवस रंगाचं नाव काढू नका. ताज्या सिमेंटचा चुना शेड खातो.

जुन्या वाड्यांचं आणखी वेगळं. रावपुऱ्यातल्या किंवा बाबाजीपुऱ्यातल्या जुन्या घरात पट्टीने भिंत खरवडून बघा: वर क्रीम, खाली फिका निळा, त्याखाली पिवळा, मग चुन्याचे पापुद्रे एकावर एक, आणि बोटाला लागते ती पांढरी भुकटी. या भुकटीवर इमल्शन टिकत नाही. इमल्शन वाळताना आवळतं आणि सैल चुन्याला घेऊनच सुटतं. एक तर सगळा चुना खरवडून काढा, नाहीतर चुन्यावर चुनाच द्या: विरवलेला, कापडातून गाळलेला, थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घातलेला. चुन्याच्या गिलाव्याची जाड भिंत ओल बाहेर सोडत असते, तिला सिमेंटची लांबी फासून बंद करणं मला पटत नाही. "प्लास्टिक फिनिश" हवीच असेल तर ती वरच्या मजल्यावरच्या कोरड्या खोल्यांत करा.

आता रंगवायच्या जागेचं माप. कंत्राटदार कार्पेट एरियाला साडेतीनने गुणून मोकळा होतो. दहा फूट उंचीच्या 12 बाय 18 च्या हॉलला ते जवळपास बरोबर येतं. 10 बाय 12 च्या खोलीला मात्र येत नाही. चार भिंती 440 चौरस फूट. दार 21 आणि खिडकी 16 वजा केली की 403. वर छत 120. एकूण 523, म्हणजे कार्पेटच्या चारपटीहून जास्त. उलट स्वयंपाकघर आणि बाथरूममध्ये टाइल्समुळे माप खूप कमी भरतं. त्यामुळे टेप घेऊन खोलीगणिक लिहा, आणि दारं-खिडक्या वजा धरायच्या की नाही हे आधीच ठरवा. भांडणं तिथेच होतात.

लांबी केलेल्या भिंतीवर आतलं इमल्शन दोन हातांना (थरांना) लिटरमागे 100 ते 120 चौरस फूट धरा. या खोलीच्या भिंतींना 4 लिटरचा डबा पुरतो, छताला लिटर-सव्वा लिटर. बाहेरच्या खरबरीत गिलाव्यावर तोच आकडा 50-60 वर येतो. कोऱ्या गिलाव्यावर पांढऱ्या सिमेंटच्या लांबीचे दोन हात किलोला साधारण 12 चौरस फूट जातात, म्हणजे खोलीला 40 किलोची गोणी आणि वर थोडी. ही लांबी थेट ओलसर केलेल्या गिलाव्यावर बसते. ॲक्रिलिक लांबीला मात्र आधी अस्तराचा (प्रायमरचा) हात लागतो. लांबीचे दोन्ही हात मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या वर नेऊ नका. खड्डे लांबीने भरले की तडकतात, ते काम गिलाव्याचं.

कारागिरी बहुतेक वेळा पाण्यात बिघडते. डब्यावर लिटरला किती पाणी ते छापलेलं असतं, अनेक इमल्शनना 400 ते 500 मिली. डबा पुरवायला लिटरला लिटर पाणी घातलं की तिसरा हात मारूनही अंगावर रंग दिसत नाही. बादलीशेजारी मापाचा मग ठेवा, एवढं पुरतं. दोन हातांत चार तास, लांबी घासण्याआधी रात्र जाऊ द्या. एका शेडचे सगळे डबे एकदम आणून मोठ्या ड्रममध्ये एकत्र करा. वेगवेगळ्या दिवशी मशीनवर काढलेली शेड भिंतीच्या मध्यावर पट्टा दाखवते. गडद पिवळा आणि लाल झाकायला कमी पडतात, तिथे तिसरा हात आधीच हिशोबात घ्या.

इलेक्ट्रिशियन, प्लंबर, एसीवाला हे सगळे लांबीच्या आधी. शेवटचा हात त्यांची प्लेट बसल्यावर. जुन्या खिडक्या आणि ग्रिलवरचा ऑइल पेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिशाची 90 पीपीएमची (दहा लाखांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. त्याआधीच्या थरांत काय आहे कोण सांगणार. ओला पॉलिश पेपर वापरा, आणि पोरांना त्या दिवशी आजोळी पाठवा.

वेळेचं गणित असं: नवरात्रात गरब्यामुळे कारागीर सकाळी उशिरा येतात, दिवाळीला गावी गेले की लाभपाचमीआधी (कार्तिक शुद्ध पंचमीआधी) परतत नाहीत. कमुरत्यात, म्हणजे धनुर्मासाच्या अशुभ मानलेल्या काळात, नव्या घरांच्या वास्तुशांती नसतात, त्यामुळे डिसेंबरच्या मध्यापासून चांगला कारागीर मोकळा सापडतो. आतलं काम तेव्हा उरका, बाहेरच्या परांच्या उत्तरायण झाल्यावर बांधा, नाहीतर पोरं पतंगासाठी त्यांवरच चढतील. मे महिन्यात पश्चिमेची भिंत दुपारी इतकी तापते की ब्रश फिरण्याआधी रंग ओढला जातो, म्हणून बाहेरचं मार्चच्या पुढे नेऊ नका.

आणि बाहेरच्या कामाचे दहा टक्के पैसे पहिल्या जोरदार पावसापर्यंत राखून ठेवायचं कागदावर लिहून घ्या. कंत्राटदार कुरकुर करेल. भिंत वाळवून, चिरा भरून काम केलेलं असेल तर तो शेवटी कबूल होतो. दिवाळीच्या घाईतला एकही होणार नाही.