दहा मिनिटांत भूत दिसलंच पाहिजे, हा कुठला नियम?

‘हॉरर सिनेमाचं सत्य’ अशा मथळ्याचा एक फॉरवर्ड गेल्या पंधरवड्यात मला चार ग्रुपांवर आला. चारही वेळा सोडून दिला. पाचव्यांदा तो भाचीने पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मावशी, हे वाचून मी सुरुवातीची तीन मिनिटं उडवली. आता फिल्म टाइट झालीये.’ मग मात्र गप्प बसवेना.

तिची फिल्म अकरा मिनिटांची, कॉलेजच्या स्पर्धेसाठी केलेली. एक मुलगी फ्लॅटमध्ये एकटी राहते. रात्री जेवायला बसताना सवयीने दोन ताटं काढते, थबकते आणि एक परत ठेवून देते. आई गेली आहे हे कोणी बोलत नाही, त्या ताटावरून आपल्याला कळतं. शेवटी ती बाहेरून येऊन कुलूप काढते तर आत टेबलावर दोन ताटं वाढलेली. कच्च्या कटमध्ये हे पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर सर्रकन काटा आला होता. आता सुरुवातच नाही, त्यामुळे शेवटी दिसतात ती नुसती दोन ताटं.

फॉरवर्डचं म्हणणं असं. संथ भयपट ही बजेट नसल्याची पळवाट आहे. आजच्या माणसाचं लक्ष आठ सेकंदच टिकतं, गोल्डफिशपेक्षाही कमी. दचकणं हीच खरी भीती, बाकी टाइमपास. भारतात असले सिनेमे चालत नाहीत. म्हणून दहा मिनिटांत भूत दिसलं नाही तर थेट शेवटची वीस मिनिटं बघा, ‘मधलं गाळलं तरी काही बिघडत नाही’.

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण घात त्यानेच केलाय.

आल्फ्रेड हिचकॉकचा 1960 चा ‘सायको’ घ्या. त्यातला बाथरूममधला खून सिनेमा न पाहिलेल्यांनीही क्लिपमध्ये पाहिलेला असतो. अंघोळ करणारी बाई, पडद्यामागची सावली, सुरा, किंचाळणारी व्हायोलिनं. क्लिप बघून आपण दचकतो आणि पुढे सरकतो. आता तोच प्रसंग पहिल्यापासून बघत बघत गाठा. त्या अंघोळ करणाऱ्या बाईने, मॅरियनने, ऑफिसचे 40,000 डॉलर पळवलेत. रस्त्यात काळा चष्मा लावलेला पोलीस तिच्या गाडीच्या काचेवर टकटक करतो. जुनी गाडी देऊन, वर 700 डॉलर भरून ती दुसरी गाडी घेते. अंधार, पाऊस, मग ते ओसाड मोटेल. एव्हाना चोरी तिने केलेली असली तरी पोटात गोळा आपल्या आलेला असतो. तिथल्या लाजऱ्या मालकाशी बोलता बोलता तिचं मन पालटतं, पैसे परत करायचे असं ठरतं. खोलीत येऊन ती कागदावर हिशेब मांडते: 40,000 वजा 700, म्हणजे 39,300. मग तो कागद फाडते, तुकडे कमोडमध्ये टाकून पाणी सोडते आणि शॉवरखाली उभी राहते. अख्ख्या सिनेमात पहिल्यांदा तिचा चेहरा सैल होतो आणि आपणही सुस्कारा सोडतो. सुरा येतो तो त्यानंतर.

तो सुस्कारा काढून घ्यायला हिचकॉकने पाऊण तास खर्ची घातलाय. हे ‘मधलं’ गाळलं की उरतो एका अनोळखी बाईचा खून. सिनेमा सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही, अशी अट त्याने थिएटरवाल्यांना घातली होती. ‘शेवट तेवढा बघा’ म्हणणाऱ्यांनी ही अट जरा ध्यानात घ्यावी.

हे का चालतं, तेही त्यानेच सांगून ठेवलंय. 1962 साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोने त्याची प्रदीर्घ मुलाखत घेतली, तिचं पुढे पुस्तक झालं. त्यातलं उदाहरण प्रसिद्ध आहे. टेबलाशी माणसं साध्या गप्पा मारतायत आणि अचानक टेबलाखाली बॉम्ब फुटतो. प्रेक्षकाला धक्का बसतो, पंधरा सेकंदांचा. पण बॉम्ब ठेवलेला प्रेक्षकाला आधीच दाखवला, तो कधी फुटणार हे सांगितलं, समोर घड्याळ ठेवलं, तर त्याच रटाळ गप्पा पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात. अरे, उठा तिथून, असं ओरडावंसं वाटतं. माझ्या भाचीचं ते परत ठेवलेलं ताट म्हणजे टेबलाखालचा बॉम्ब होता. फॉरवर्ड वाचून तिने तोच काढून टाकला आणि स्फोट तेवढा ठेवला.

‘दचकणं हीच खरी भीती’ हा मुद्दाही याच उदाहरणात निकालात निघतो. दचकणं खरं असतं, नाही कोण म्हणतंय? पण स्वयंपाकघरात मांडणीवरून पातेलं पडलं तरी माणूस दचकतो, त्याला आपण भयकथा म्हणत नाही. आणि दचकवण्याच्या युक्तीचा सर्वांत नावाजलेला जुना नमुना बघा, 1942 चा ‘कॅट पीपल’. रात्री सामसूम रस्त्याने एक बाई चाललीये. मागून दुसऱ्या बाईच्या टाचांचा टकटक आवाज. मग तो आवाज थांबतो. ही मागे वळून बघते, कोणी नाही. पावलं भराभर पडायला लागतात, ती जवळजवळ पळते, आणि कानाशी हिंस्र जनावरासारखा फिस्स आवाज येतो. ती असते थांब्यावर येऊन उभी राहिलेली बस! पुढे या युक्तीला नावच ‘बस’ पडलं. ती लांबलचक चाल कापा आणि नुसती बस दाखवा. कोण दचकेल?

बजेटच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. 1975 च्या ‘जॉज’मध्ये शार्क नीट दिसायला तासाभराहून जास्त वेळ लागतो, त्याचं मोठं कारण यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बंद पडायचा. 55 दिवसांचं शूटिंग 159 दिवसांवर गेलं. अडचण खरीच होती. पण त्या अडचणीतून स्पीलबर्गने काय केलं? शार्कला अडकवलेली, पाण्यावर खेचली जाणारी पिवळी पिंपं दाखवली आणि खाली काय आहे ते आपल्यावर सोडलं.

आणखी एक कबूल करते. नुसतेच संथ सिनेमेही ढिगाने निघतात. दारं करकरतात, पडदे हलतात, कोणीतरी कॉरिडॉरमध्ये दहा मिनिटं चालतं आणि शेवटी हाती धुपाटणं. त्यांना कंटाळवाणं म्हणा, माझी हरकत नाही. आधी काही पेरलंच नसेल तर उगवणार काय?

गोल्डफिशबद्दल थोडक्यात. तो आठ सेकंदांचा आकडा मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या 2015 च्या एका अहवालातून पसरला. 2017 मध्ये बीबीसीने त्याचा माग काढला तर मुळाशी कुठलंही धड संशोधन सापडलं नाही. रात्रभर जागून वेबसीरिज संपवणाऱ्यांनी तरी तो पुढे ढकलू नये.

राहिलं भारतात न चालणं. राही अनिल बर्वेचा ‘तुंबाड’, ज्याचं बीज आपल्या नारायण धारपांच्या कथेत आहे, 2018 मध्ये आला तेव्हा बेताचाच चालला हे खरं. सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. त्यात हस्तर या मोहरा बाळगणाऱ्या भुकेल्या राक्षसाकडून सोनं चोरायचे नियम आपल्याला सावकाश शिकवले जातात: पिठाचं रिंगण, कणकेची बाहुली, लंगोटातली मोहर. ते अंगवळणी पडल्यावर पोरगा बापाला सुचवतो, एकाऐवजी पुष्कळ बाहुल्या नेऊ या. मग जितक्या बाहुल्या तितके हस्तर अंगावर येतात. नियम न कळलेल्या माणसाला शेवटच्या वीस मिनिटांत यातलं काय कळणार?

हे सगळं काल भाचीला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘ताट परत ठेवते तो शॉट लॅपटॉपवरून डिलीट केला गं, पण मोबाइलमध्ये असेल.’ तासाभराने तिचा मेसेज आला: सापडला. फिल्म पाठवायची शेवटची तारीख शुक्रवार आहे, आज रात्री ती पुन्हा एडिटला बसतेय.