‘पळवाट’ या शब्दाबद्दल : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

सरकारी शाळेला असलेल्या पर्यायांविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. चार ओळींत आभार मानून मोकळे होणे मला योग्य वाटले नाही. आपण एकतीस वर्षे सरकारी प्राथमिक शाळेत शिकवले आहे, आणि त्या अनुभवातून आलेल्या रागाला नीट उत्तर मिळायला हवे. ज्यांनी आपली प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा मथितार्थ सांगतो. गृहशिक्षण, प्रयोगशील शाळा आणि व्हाउचर (म्हणजे पालक निवडतील त्या खासगी शाळेला मुलामागे मिळणारा सरकारी पैसा) ही सारी सुस्थितीतल्या पालकांची पळवाट आहे. आवाज असलेले पालक बाहेर पडले की सरकारी शाळेसाठी भांडणारे कोणी उरत नाही. म्हणून ज्या घसरणीवर मी पर्यायांचा उपाय सांगतो, ती घसरण पर्यायांनीच घडवली आहे. आणि घरी शिकणाऱ्या मुलाचे काय चालले आहे, हे बघायला कोणी नसते. शिवाय ‘सरकारी शाळेत मूल नुसते बसते, शिकत नाही’ हे माझे वाक्य आपल्याला अपमानास्पद वाटले.

शेवटच्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तेथे चूक माझी आहे. ते वाक्य मी मूळ लेखातून काढले आहे. जी गोष्ट मी काही वर्गांत पाहिली ती सगळ्या शाळांच्या माथी मारण्याचा मला अधिकार नव्हता, आणि जे शिक्षक रोज त्या वर्गांत उभे राहतात त्यांच्याबद्दल तर मुळीच नव्हता.

आवाज असलेले पालक निघून जातात, हा आपला मुद्दाही मी मोठ्या प्रमाणात मान्य करतो. मूळ लेखात मी निवडीच्या स्वातंत्र्याविषयी भरभरून लिहिले, पण निवड नेमकी कोण करतो हा प्रश्न विचारला नाही. चिलीने १९८१ मध्ये व्हाउचर पद्धत आणली. कागदावर निवड पालकांची होती. प्रत्यक्षात अनुदानित शाळांना मुले पारखून घेता येत होती आणि पुढे वरून शुल्क आकारण्याचीही मुभा मिळाली. मग शाळाच मुलांची निवड करू लागल्या आणि वर्ग आर्थिक स्तरांप्रमाणे वेगळे पडले. विद्यार्थ्यांच्या मोठ्या आंदोलनांनंतर २०१५ मध्ये कायदा करून ही निवड, पालकांकडून घेतले जाणारे शुल्क आणि अनुदानित शाळांची नफेखोरी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले. जी शाळा सार्वजनिक पैसा घेते तिला दारात आलेले मूल परत पाठवता येऊ नये, हे मी माझ्या लेखात पहिल्याच परिच्छेदात लिहायला हवे होते. ते लिहिले नाही, ही त्या लेखातली खरी उणीव आहे.

मात्र घसरण पर्यायांमुळे झाली, हे मला मान्य करता येत नाही. पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी ‘पिसा’ घ्या. फिनलंडमध्ये जवळजवळ सगळी मुले सार्वजनिक शाळेत जातात, खासगी शाळा अगदी थोड्या आहेत, आणि त्या देशाचे उदाहरण आपणही दिले आहे. तेथील गणिताची सरासरी २००६ मध्ये ५४८ होती, ती २०२२ मध्ये ४८४ झाली. याच्या अगदी उलट टोकाला नेदरलँड्स आहे. तेथे १९१७ पासून राज्यघटनेनेच खासगी व्यवस्थापनाच्या शाळांना सरकारी शाळांइतके अनुदान दिले आहे आणि बहुसंख्य मुले अशाच शाळांत शिकतात. तेथे वाचनाची सरासरी २००३ मध्ये ५१३ होती, ती २०२२ मध्ये ४५९ वर आली. स्वीडनने १९९२ मध्ये निवडीचा मार्ग धरला, पुढे २०१२ पर्यंत तेथे मोठी घट झाली, त्यानंतर काही काळ सुधारणा झाली आणि पुन्हा घट झाली. शाळेची मालकी कोणाकडे आहे यावरून घसरण ठरत असती, तर फिनलंड आणि नेदरलँड्स एकाच वेळी खाली आले नसते. हे आकडे आपल्या विरोधात जातात तसेच माझ्या मूळ लेखाच्याही विरोधात जातात, कारण नेदरलँड्सकडे बोट दाखवून ‘पर्याय दिले की शिक्षण सुधारते’ असे मीच सुचवले होते.

मग घसरण होते तरी कोठे? याचे उत्तर मला आकड्यांपेक्षा एका वहीत अधिक स्पष्ट दिसले.

पाचवीतल्या एका मुलाला गणित जमत नाही म्हणून त्याच्या घरच्यांनी मला त्याच्याबरोबर बसायला सांगितले होते. त्याच्या वहीत ५२ वजा ३८ याचे उत्तर २६ होते. त्याखाली ४१ वजा १७, उत्तर ३६. दोन्हींवर लाल शाईची फुली आणि समासात ‘सराव करावा’ असा शेरा. मुलाने सरावही केला होता. पुढच्या पानावर हातच्याच्या वीस वजाबाक्या होत्या. वीसही चुकलेल्या, वीसही एकाच रीतीने चुकलेल्या, आणि त्यांच्यावर नीटनेटक्या वीस फुल्या. मी त्याला विचारले, ‘दोनातून आठ कसे काढलेस?’ तो म्हणाला, ‘दोनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून दोन काढले.’ त्याच्याजवळ एक नियम होता, तो तीन वर्षे प्रामाणिकपणे पाळत होता, आणि तो नियम कोणता हे त्याला तोवर कोणी विचारले नव्हते. मी दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे बांधले, दोन काड्या सुट्या ठेवल्या आणि त्यांतून अडतीस काड्या मागितल्या. त्याने तीन गठ्ठे लगेच दिले. मग सुट्या दोन काड्यांकडे तो बराच वेळ पाहत राहिला आणि शेवटी हळूच म्हणाला, ‘गठ्ठा सोडू का?’

त्याने परवानगी मागितली, हे मला अजून विसरता येत नाही. पाचवीपर्यंत पोहोचलेल्या त्या मुलाला गणितात आपण काही सोडून पाहू शकतो हेच ठाऊक नव्हते.

सर, हे मूल सरकारी शाळेतले नव्हते. भरपूर शुल्क घेणाऱ्या एका खासगी शाळेतले होते. शाळेचे नाव घेण्यात अर्थ नाही, कारण ही वही कोणत्याही शाळेतली असू शकते. माझे म्हणणे एवढेच आहे की ज्या दिवशी मुलाला कळले नाही आणि तरीही वर्ग पुढे गेला, त्या दिवशी घसरण सुरू झाली. दुसरीतली वजाबाकी राहिली की चौथीतला भागाकार अडतो, भागाकार अडला की सहावीतले अपूर्णांक नुसते फळ्यावरून उतरवले जातात. जागतिक बँकेच्या २०१९ मधील अंदाजानुसार अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या दहा वर्षांच्या मुलांपैकी ५३ टक्के मुलांना साधा मजकूर वाचून समजत नव्हता, आणि महासाथीनंतर २०२२ मध्ये हा अंदाज ७० टक्क्यांवर गेला. यातली बहुतेक मुले शाळेच्या पटावर आहेत. त्यांच्यासाठी वर्ग थांबलेला नाही.

पर्यायांकडे मी पाहतो ते याच दृष्टीने. श्रीमंतांची सोय म्हणून त्यांचे समर्थन करण्याची मला इच्छा नाही. थांबण्याची मोकळीक असलेल्या जागा म्हणून मला त्यांचे मोल वाटते. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह सुरू केले, ते कष्टकऱ्यांच्या लहान मुलांसाठी. आज त्यांच्या नावाच्या किती तरी शाळा कष्टकऱ्यांना परवडत नाहीत, आणि हे मला क्लेशदायक वाटते. पण मुलाच्या उंचीच्या खुर्च्या आणि हाताळायची साधने त्या एका घरातून सार्वजनिक बालवाड्यांतही गेली, हेही तितकेच खरे आहे.

याहून मोठे उदाहरण कोलंबियाचे आहे. तेथे १९७० च्या दशकात खेड्यांतल्या एकशिक्षकी, बहुवर्ग शाळांसाठी ‘एस्कुएला नुएवा’ ही पद्धत घडली. मुले छोट्या गटांत स्वयंअध्ययनाच्या मार्गदर्शिका घेऊन काम करतात, घटक पुरा झाला की पुढच्या घटकाकडे जातात, आणि सुगीच्या दिवसांत शेतावर गेलेले मूल परतले की जेथे थांबले होते तेथूनच सुरू करते. त्या मुलाला नापास करावे लागत नाही आणि न समजता पुढेही ढकलावे लागत नाही. १९८० च्या दशकात सरकारने ही पद्धत ग्रामीण शाळांसाठी राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारली आणि ती सुमारे २०,००० शाळांपर्यंत गेली. इतक्या वेगाने पसरताना पुष्कळ ठिकाणी ती अर्धीच पोहोचली, मार्गदर्शिका आल्या पण शिक्षकांची तयारी झाली नाही, ही गोष्ट लपवण्यासारखी नाही. तरीही हा पर्याय सरकारी शाळेच्या आत, सरकारी शिक्षकांच्या हातून उभा राहिला. ‘पळवाट’ हा शब्द त्याला लागू पडत नाही.

गृहशिक्षणाबद्दलची आपली काळजी मला रास्त वाटते. अमेरिकेतील टेक्साससारख्या राज्यांत मूल घरी शिकते हे कळवण्याचेही बंधन नाही, आणि एवढी मोकळीक मला धोक्याची वाटते, कारण ज्या घरात मुलाचे हाल होत असतील त्या घराला शाळा नसणे सोयीचे असते. जर्मनी मात्र गृहशिक्षणाला जवळजवळ पूर्ण मनाई करते, आणि २००६ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्या धोरणाला आक्षेप घेतला नाही; वेगवेगळ्या समजुतींच्या मुलांनी एकत्र वाढावे हे त्यामागचे कारण खोटे नाही, पण त्यासाठी शाळेत कोमेजणाऱ्या एखाद्या मुलाची वाटच बंद करणे मला पटत नाही. ऑस्ट्रियाची रीत मला अधिक बरी वाटते : आधी कळवायचे, दरवर्षी शाळेत जाऊन परीक्षा द्यायची, आणि पुरेसे येत नसेल तर मुलाने शाळेत परतायचे. घराबाहेरच्या कोणी तरी जाणत्या माणसाने वर्षातून काही वेळा त्या मुलाशी बोलावे, एवढी अट कोणत्याही पालकाला जाचक वाटू नये. मूळ लेखात ही अट नव्हती. आता घातली आहे.

आपण लिहिता की सार्वत्रिक शिक्षण लढून मिळवलेले आहे आणि मी ते सहज हातचे सोडायला निघालो आहे. तसे नाही. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली, आणि त्याच निवेदनात शिक्षक कसे असावेत, त्यांना पुरेसा पगार मिळावा, मुलांना मोडी-बाळबोध वाचता-लिहिता यावे, हिशेब यावा, शेतीची प्राथमिक माहिती असावी, हेही सांगितले. सक्ती आणि सक्तीने काय द्यायचे, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या होत्या. राज्याने खर्च उचलावा, कोणालाही वगळू देऊ नये आणि मूल शिकते आहे का हे तपासावे, या तिन्ही गोष्टी मला हव्या आहेत. शिकवायचे कसे आणि कोणत्या गतीने, याचा एकच साचा सगळ्यांवर लादणे मात्र नको आहे. अमेरिकेत ऑरेगन राज्याने १९२२ मध्ये प्रत्येक मुलाने सरकारी शाळेतच गेले पाहिजे असा कायदा केला, तो मुख्यतः कॅथलिक शाळा बंद पाडण्यासाठी होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९२५ मध्ये तो रद्द केला. मक्तेदारी मागणाऱ्यांचा हेतू प्रत्येक वेळी मुलांचे हित हाच असतो असे नाही, म्हणून मी तिला बिचकतो.

आता आपल्या प्रतिक्रियेतल्या त्या दोन ओळींविषयी लिहितो, ज्या आपण जाता जाता लिहिल्या आणि ज्यांच्यासाठी खरे तर मी हे सारे लिहायला बसलो. खात्याची सगळी नोंदपत्रके भरून झाल्यावर आपण एक स्वतःची वही ठेवत होता, त्यात प्रत्येक मुलासाठी एक पान होते, आणि कोण कोठे अडले आहे ते त्यात लिहिलेले असे. ही वही आपल्याला कोणी मागितली नव्हती, कोणत्याही तपासणीत ती पाहिली गेली नाही, आणि निवृत्तीनंतर ती घरीच राहिली, असेही आपण लिहिले आहे. सर, मी ज्याला पर्याय म्हणतो तो आपण एकतीस वर्षे त्याच वर्गात चालवत होता. पट चाळीसच्या वर असताना रोज किती पाने लिहून होत असत, अडलेल्या मुलासाठी वेळ कोणत्या तासातून काढत होता, आणि अभ्यासक्रम संपवण्याची तारीख जवळ आली की त्या वहीचे काय होत असे, हे मला जाणून घ्यायचे आहे. आपण सवडीने लिहावे. ते स्वतंत्र लेख म्हणून, आपल्याला योग्य वाटेल त्या नावाने, येथे छापण्याची माझी इच्छा आहे.

आपला,
लेखक