'वडिलांच्या गाडीची वाट लावलीत' या प्रतिक्रियेला उत्तर

प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनकामावर मी लिहिलं त्यात इंजिन खोललंच होतं म्हणून मूळच्याऐवजी व्हॉल्व्हला थोडी जास्त उचल देणारा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, बसवला, असं सांगितलं होतं. त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया आली. खालच्या आरपीएमला ओढ जाते, पेट्रोल जास्त लागतं, अंशांचा आकडा चुकलाय, आणि शेवटी, "हौसेपायी वडिलांच्या गाडीची वाट लावलीत."

आकडा चुकला, मान्य. कॅम क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो, व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो हे मोजायचं क्रँकच्या अंशांत, आणि मी कॅमचे अंश लिहून बसलो. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ते शेवटचं वाक्य. टोपणनावाने लिहिताना दुसऱ्याच्या वडिलांपर्यंत जायचं काही कारण होतं का? इंजिनावर बोला, कॅमवर बोला, हवं तर मला चार शब्द सुनवा. बाबांनी ती गाडी 1984 साली घेतली. नंबर लावून, वाट बघून. शाळेत असल्यापासून मी रविवारी त्यांच्यासोबत बॉनेटमध्ये डोकं घालून उभा असायचो, हातात फट मोजायचा फिलर गेज. पुढे नाना पेठेत पार्ट आणायला त्यांनी मलाच पाठवलं. भोसरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी 26 वर्षं काढली. मायक्रोमीटर कसा धरायचा हे मला कुणी शिकवू नये.

आणि वाट लागली होती ती आधीच. दोन वर्षं इंजिन टकटक करत होतं. आमच्या भागातल्या एका गॅरेजने तीन वेळा टॅपेट (कॅमची उचल पुढे व्हॉल्व्हकडे नेणारे तुकडे) सेट करून पैसे घेतले, आवाज महिन्याभरात परत. या पुशरॉड इंजिनात कॅम ब्लॉकच्या पोटात असतो, वरचं कव्हर काढून तो दिसत नाही. शेवटी मी स्वतः उभा राहून इंजिन खोलून घेतलं. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टचा लोब, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारा कॅमवरचा उंचवटा, वरून चपटा झाला होता, टोकावर खड्डे, नख फिरवलं की अडकायचं. मोजला तर बाकीच्यांपेक्षा 0.8 मिमी बुटका. तो व्हॉल्व्ह पुरता उघडतच नव्हता. तसला कॅम पुन्हा आत घातला असता म्हणजे बाबांच्या गाडीचा मान राखला, असं तुमचं म्हणणं आहे का?

कॅम नवा घ्यायचाच होता. मजुरी तीच, गॅस्केटं तीच, टायमिंग चेन तशीही बदलायची होती. मग दोन पावलं पुढचा का घेऊ नये? टॅपेट आठही नवे घातले, कारण जुन्या टॅपेटचा तळ जुन्या लोबवर झिजलेला असतो, तो नव्यालाही खातो. पहिल्यांदा सुरू केल्यावर वीस मिनिटं 2000 आरपीएमच्या आसपास धरलं. आयडलिंगला सोडलं असतं तर क्रँकवरून उडणारं तेल लोबवर पुरेसं पडलं नसतं. लोबची झीज कमी व्हावी म्हणून झिंक जास्त असलेलं तेल शोधून आणलं. हौसेने वाट लावणारा माणूस एवढं करतो?

ओढीचं आणि पेट्रोलचं मी फार वाढवत नाही. हा काही शर्यतीचा कॅम नाही, आणि 1089 सीसीच्या गाडीकडून मला शर्यत जिंकायची नाही. दिवे घाट परवा चौघांना घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये चढलो. पुरे आहे.

जुना कॅम मी टाकलेला नाही. माळ्यावर तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलाय. पुण्यात असाल तर घरी या, तिसऱ्या सिलिंडरच्या लोबवर स्वतःचं नख फिरवून बघा, आणि मग बाबांच्या गाडीबद्दल जे लिहायचं ते स्वतःच्या नावाने लिहा.